हॉटेलचं बुकिंग ‘कन्फर्म’, तरी खोली नाही! ऑनलाइन बुकिंगमध्ये नेमकं कुठे बिनसतं?

समजा, कोल्हापूरचं एक कुटुंब डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात गोव्याला निघालंय. नवरा-बायको, दोन मुलं आणि आजी. ऑक्टोबरमध्येच मोबाइल ॲपवरून कळंगुटजवळच्या एका हॉटेलात चार रात्रींसाठी दोन खोल्या घेतल्या. पूर्ण पैसे भरले आणि ‘बुकिंग कन्फर्म’ असा मेसेजही आला. रात्री नऊ वाजता सामान घेऊन हॉटेलात पोहोचल्यावर काउंटरवरचा माणूस संगणकात बघतो आणि म्हणतो, “साहेब, तुमच्या नावाचं बुकिंग आमच्याकडे आलेलंच नाही. हॉटेल फुल आहे.”

ॲपच्या कस्टमर केअरला फोन लावला, तर तिथून उत्तर मिळतं, “सर, आमच्याकडे बुकिंग कन्फर्म दिसतंय. तुम्ही हॉटेलशी बोला.” हॉटेल ॲपकडे बोट दाखवतं आणि ॲप हॉटेलकडे. मधल्या मध्ये आजी लॉबीतल्या सोफ्यावर बसून राहते.

हा प्रसंग काल्पनिक असला, तरी सुट्टीच्या दिवसांत अनेकांच्या वाट्याला येतो. असं का होतं? पैसे भरलेले असताना खोली नाकारता येते का? आणि अशा वेळी दाद मागायची तरी कुणाकडे? समजून घेऊ या.

ॲपवर आपण नेमकं काय विकत घेतो?

हॉटेलांची बुकिंग करून देणाऱ्या वेबसाइट आणि ॲपना ‘ऑनलाइन ट्रॅव्हल एजन्सी’ किंवा थोडक्यात ‘ओटीए’ म्हणतात. मेकमायट्रिप, गोआयबिबो, बुकिंग डॉट कॉम, अगोडा ही त्यातली आपल्याकडे माहीत असलेली नावं. दिसायला ही वेगवेगळी दुकानं असली, तरी त्यांचे मालक मोजकेच आहेत. गोआयबिबो आणि मेकमायट्रिप २०१७पासून एकाच समूहात आहेत, तर बुकिंग डॉट कॉम आणि अगोडा या दोन्ही बुकिंग होल्डिंग्ज या अमेरिकी कंपनीच्या आहेत.

या कंपन्यांकडे स्वतःच्या खोल्या नसतात. त्या हॉटेल आणि ग्राहक यांच्यामध्ये उभ्या असतात. त्यामुळे तुम्ही बुकिंग करता तेव्हा व्यवहारात तीन पक्ष असतात: तुम्ही, ॲप आणि हॉटेल. पैशांचा प्रवास साधारण तीन प्रकारे होतो.

पहिला प्रकार आगाऊ भरण्याचा. तुम्ही पूर्ण रक्कम ॲपला देता. ॲप ती स्वतःकडे ठेवतं आणि तुमच्या मुक्कामाच्या सुमारास किंवा नंतर कमिशन कापून उरलेले पैसे हॉटेलला देतं.

दुसरा प्रकार ‘हॉटेलवर पैसे द्या’ असा. इथे तुम्ही थेट काउंटरवर पैसे देता आणि ॲप नंतर हॉटेलकडून कमिशन वसूल करतं.

तिसरा प्रकार बहुतेक ग्राहकांना माहीतच नसतो. काही घाऊक व्यापारी हॉटेलांकडून कमी दरात खोल्या उचलतात आणि त्या वेगवेगळ्या वेबसाइटना विकायला देतात. तुम्ही ज्या ॲपवरून खोली घेतली, त्याने ती दुसऱ्याकडून आणि दुसऱ्याने तिसऱ्याकडून घेतलेली असू शकते. परदेशातल्या हॉटेलांच्या बाबतीत हे बरंच चालतं. साखळी जितकी लांब, तितकी तुमचं नाव हॉटेलपर्यंत न पोहोचण्याची शक्यता जास्त.

हे तीन प्रकार माहीत असणं का महत्त्वाचं? कारण बुकिंग फिसकटलं की पहिला प्रश्न येतो तो हाच: माझे पैसे आत्ता कुणाकडे आहेत? आगाऊ पैसे ॲपला दिले असतील, तर हॉटेलच्या मॅनेजरने मनात आणलं तरी ते तो गल्ल्यातून काढून देऊ शकत नाही. त्याच्याकडे ते अजून आलेलेच नसतात.

५ हजारांतले हॉटेलला किती मिळतात?

ॲपचं कमिशन हॉटेलप्रमाणे आणि करारानुसार बदलतं. साधारणपणे ते भाड्याच्या १५ ते २५ टक्क्यांच्या घरात असतं. उदाहरण म्हणून २० टक्के धरू.

खोलीचं भाडं ५,००० रुपये असेल, तर १,००० रुपये कमिशन आणि त्या कमिशनवर १८ टक्के जीएसटी म्हणजे १८० रुपये. हॉटेलच्या हातात येतात ३,८२० रुपये. २२ सप्टेंबर २०२५पासून ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोल्यांवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. ग्राहकासाठी ही चांगली बातमी होती. पण या ५ टक्क्यांच्या दरात हॉटेलला इनपुट टॅक्स क्रेडिट मिळत नाही. म्हणजे कमिशनवर भरलेले ते १८० रुपये हॉटेलला वळते करून घेता येत नाहीत.

मग हॉटेलवाला म्हणेल, “मी माझ्या वेबसाइटवर हीच खोली ४,४०० रुपयांना देतो. ग्राहकाचे ६०० वाचतील, मलाही ५८० जास्त मिळतील.” पण अनेक करारांमध्ये नेमकी हीच गोष्ट करायला मनाई असायची. आमच्यापेक्षा कमी दर तुम्ही दुसरीकडे कुठेही लावायचा नाही, अशी ही अट. तिला ‘दर समानते’ची अट म्हणतात.

या आणि अशा इतर अटींविरोधात हॉटेल आणि रेस्टॉरंट व्यावसायिकांची राष्ट्रीय संघटना ‘एफएचआरएआय’ भारतीय स्पर्धा आयोगाकडे गेली. २०१९मध्ये आयोगाने चौकशीचे आदेश दिले आणि १९ ऑक्टोबर २०२२ रोजी निकाल आला. मेकमायट्रिप-गोआयबिबोला २२३.४८ कोटी रुपये आणि ओयोला १६८.८८ कोटी रुपये दंड झाला. ओयोशी असलेल्या व्यवस्थेमुळे ट्रीबो आणि फॅबहॉटेल्स या प्रतिस्पर्धी साखळ्यांना मेकमायट्रिपवरून हटवण्यात आलं, हाही त्यातला एक मुद्दा होता. दर समानतेच्या अटी करारातून काढून टाका, असं आयोगाने सांगितलं. या आदेशाला कंपन्यांनी अपिलात आव्हान दिलं.

हे फक्त भारतातच घडलेलं नाही. स्पेनच्या स्पर्धा आयोगाने जुलै २०२४मध्ये बुकिंग डॉट कॉमला सुमारे ४१ कोटी ३० लाख युरोंचा दंड ठोठावला. हॉटेलांना स्वतःच्या वेबसाइटवर त्याहून कमी दर लावू न देणं, हा त्यातलाही एक आक्षेप होता.

ग्राहकाचा याच्याशी संबंध काय? ॲपवरून आलेल्या पाहुण्यामागे हॉटेलच्या हाती कमी पैसे येतात. त्यामुळे खोल्या कमी आणि गिऱ्हाईक जास्त अशी वेळ आली, की अनेकदा आधी ॲपवरच्या पाहुण्याचा पत्ता कापला जातो.

बुकिंग ‘कन्फर्म’ असूनही खोली का नसते?

त्याची मुख्यतः चार कारणं असतात.

एक, एकच खोली दोघांना विकली जाणं. बारा खोल्यांचं एखादं हॉटेल चार-पाच ॲपवर असतं. शिवाय फोनवरची बुकिंग आणि दारात येणारी गिऱ्हाइकं वेगळी. एका ठिकाणी खोली गेली की बाकी सगळीकडे ती लगेच बंद व्हायला हवी. त्यासाठी ‘चॅनल मॅनेजर’ नावाचं सॉफ्टवेअर असतं. मोठी हॉटेलं ते वापरतात. लहान हॉटेलात मात्र मॅनेजरच प्रत्येक ॲपमध्ये शिरून हाताने खोल्या बंद करत बसतो. शनिवारी संध्याकाळी काउंटरवर गर्दी असताना दहा मिनिटं उशीर झाला, तरी तेवढ्यात कुणीतरी तीच खोली बुक केलेली असते.

दोन, मुद्दाम जास्त बुकिंग घेणं. काही लोक ऐन वेळी रद्द करतात, काही येतच नाहीत. म्हणून हॉटेलं खोल्यांपेक्षा एक-दोन बुकिंग जास्त घेऊन ठेवतात. सगळेच आले की कुणाला तरी दुसऱ्या हॉटेलात पाठवावं लागतं.

तीन, वाढलेला दर. ऑक्टोबरमध्ये ५,०००ला दिलेली खोली डिसेंबरअखेर दुपटीने जात असेल, तर ‘बुकिंग आलंच नाही’ किंवा ‘तुमच्या खोलीत पाण्याचा प्रॉब्लेम झालाय’ असं सांगण्याचा मोह काही मालकांना होतो. “जादा पैसे द्या, बघतो काही होतंय का,” असं काउंटरवरून ऐकू आलं, तर कारण बहुधा हेच.

चार, हॉटेल आणि ॲपमधला वाद. थकलेली देणी किंवा कमिशनवरून हॉटेलने त्या ॲपची बुकिंग घेणं थांबवलेलं असतं. ॲपवर मात्र हॉटेल तसंच दिसत राहतं आणि ग्राहक पैसे भरत राहतात.

याखेरीज हॉटेलच्या स्वतःच्या अटीही आड येतात. कित्येक हॉटेलं त्याच शहरातलं ओळखपत्र असलेल्यांना खोली देत नाहीत. काही अविवाहित जोडप्यांना नाकारतात. पुण्याचा पत्ता असलेलं आधार कार्ड दाखवून पुण्यातच खोली मागितली, तर नकार मिळू शकतो. या अटी ॲपवर लिहिलेल्या असतात, पण ‘हॉटेलचे नियम’ या भागात अगदी तळाशी.

‘फक्त १ खोली शिल्लक’ हे कितपत खरं?

लाल अक्षरांत ‘शेवटची १ खोली’ दिसली की बोट आपोआप ‘आत्ताच बुक करा’कडे जातं. पण ती त्या ॲपच्या वाट्याला आलेली शेवटची खोली असू शकते. हॉटेलात आणखी सहा खोल्या रिकाम्या असतील. ‘आत्ता २० जण हे हॉटेल पाहत आहेत’ यातले बरेचजण वेगळ्याच तारखा पाहत असू शकतात.

ब्रिटनच्या स्पर्धा नियामकाने नेमक्या याच गोष्टींवर बोट ठेवलं होतं. फेब्रुवारी २०१९मध्ये बुकिंग डॉट कॉम, एक्सपीडिया, अगोडा, हॉटेल्स डॉट कॉम, ईबुकर्स आणि ट्रिवागो या सहा वेबसाइटनी तिथे आपल्या पद्धती बदलण्याचं मान्य केलं. खोल्या संपत आल्याचा खोटा आभास निर्माण करायचा नाही, सक्तीचे सगळे आकार पहिल्याच किमतीत दाखवायचे आणि कमिशनमुळे कुणाला वरचं स्थान मिळत असेल तर तसं सांगायचं, असं त्यात ठरलं.

भारतात केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी अशा फसव्या रचनांविरुद्ध मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात १३ प्रकार नमूद आहेत. हॉटेल बुकिंगमध्ये त्यातले तीन नेहमी भेटतात: खोटी घाई करणं, आधी कमी किंमत दाखवून शेवटच्या पानावर आकार वाढवत नेणं आणि न विचारता विमा किंवा देणगी बिलात घुसवणं. पैसे भरण्याआधी शेवटचं पान नीट वाचा. आपण न मागितलेली एखादी खूण तिथे आधीच केलेली असू शकते.

बुकिंग रद्द केल्यावर पैसे कुठे अडकतात?

‘मोफत रद्द’ या शब्दांपुढे जवळजवळ नेहमी एक तारीख आणि वेळ असते. त्या वेळेनंतर काही टक्के रक्कम किंवा संपूर्ण भाडं कापलं जातं. परदेशातल्या हॉटेलसाठी ही वेळ बहुधा तिथल्या घड्याळाप्रमाणे मोजली जाते. ॲपची सेवा-आकारणी बऱ्याचदा परत मिळत नाही आणि कूपनची सवलतही वाया जाते. त्यामुळे ‘पूर्ण परतावा’ मिळूनही भरल्यापेक्षा कमी पैसे हाती येतात.

खरी टोलवाटोलवी होते ती परतावा न देणाऱ्या बुकिंगमध्ये. घरात कुणी आजारी पडलं म्हणून तुम्ही हॉटेलला फोन करता. मालक भला माणूस असतो, तो म्हणतो, “काही हरकत नाही, आम्ही पैसे कापणार नाही.” तुम्ही निर्धास्त होऊन ॲपवर बुकिंग रद्द करता आणि पूर्ण रक्कम कापली जाते. कारण ॲपच्या दृष्टीने हॉटेलचं तोंडी बोलणं म्हणजे काहीच नाही. त्यांना हॉटेलकडून लेखी मंजुरी हवी असते. म्हणून क्रम लक्षात ठेवा: आधी हॉटेलला ॲपकडे तसा ईमेल करायला सांगायचं, त्याची प्रत स्वतःकडे घ्यायची, कस्टमर केअरकडून खात्री करायची आणि मगच रद्द करायचं.

परताव्याच्या नावाने होणारी फसवणूक

पैसे अडकले की लोक घाईघाईने इंटरनेटवर ॲपचा कस्टमर केअर नंबर शोधतात. भामटे नेमके तिथेच टपलेले असतात. खोटा नंबर, मग स्क्रीन दाखवणारं एखादं ॲप टाकायला सांगणं किंवा परतावा घेण्यासाठी यूपीआय पिन मागणं, अशी ही पद्धत. पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही, हे घरातल्या प्रत्येकाला सांगून ठेवा.

हॉटेलांच्या हुबेहूब खोट्या वेबसाइटही असतात. केंद्रीय गृह मंत्रालयाच्या सायबर गुन्हे समन्वय केंद्राने एप्रिल २०२५मध्ये याबद्दल इशारा दिला होता. केदारनाथची हेलिकॉप्टर सेवा आणि चारधाम यात्रेतली अतिथीगृहं यांच्या नावाने भाविकांना गंडवलं जात असल्याचं त्यात म्हटलं होतं. असं काही घडलं, तर ताबडतोब १९३० या क्रमांकावर कळवा. जितक्या लवकर कळवाल, तितकी रक्कम गोठवली जाण्याची शक्यता जास्त.

कायदा ग्राहकाच्या बाजूने आहे का?

बऱ्याच अंशी आहे. ‘आम्ही फक्त मध्यस्थ, सेवा हॉटेलची’ हे ॲप कंपन्यांचं ठरलेलं उत्तर. पण ग्राहक आयोगांनी अनेक प्रकरणांत ते अमान्य केलं आहे. पैसे तुम्ही घेतले, बुकिंग पक्कं झाल्याचं तुम्ही सांगितलं, मग जबाबदारी झटकता येणार नाही, असा त्यामागचा विचार असतो.

ई-कॉमर्सबाबतचे २०२०चे ग्राहक संरक्षण नियमही उपयोगी पडतात. कंपनीला तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो. त्याने तक्रारीची पोच ४८ तासांत द्यायची आणि महिन्याभरात तिचं निवारण करायचं असतं. आणखी एक तरतूद फारशी कुणाला माहीत नसते. कंपनीने स्वतःहून ऑर्डर रद्द केली तर ती जेवढा भुर्दंड सोसायला तयार असेल, तसाच आकार तिला ग्राहकाकडून रद्द करण्यासाठी घेता येतो.

पुढची पायरी म्हणजे १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. तिथे मराठीतूनही बोलता येतं. त्यानेही भागलं नाही, तर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९च्या कायद्यानुसार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. म्हणजे कोल्हापूरच्या कुटुंबाला गोव्यातल्या हॉटेलविरुद्ध भांडण्यासाठी गोव्याला खेटे घालावे लागत नाहीत. ५ लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीचं शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, तक्रार ऑनलाइनही दाखल होते. मुदत २ वर्षांची आहे. निकालाला मात्र वेळ लागतो, ही तयारी ठेवावी लागते.

मग बुकिंग करताना काय करायचं?

• पैसे भरण्याआधी हॉटेलला फोन करा. नंबर दुसऱ्या एखाद्या ठिकाणीही पडताळून पाहा. थेट दर विचारा आणि ‘या ॲपची बुकिंग तुम्ही घेता ना?’ हेही विचारा.

• बुकिंग झाल्यावर एक-दोन दिवसांत आणि निघण्याच्या आदल्या दिवशी पुन्हा फोन करा. तुमचं नाव आणि हॉटेलचा स्वतःचा बुकिंग क्रमांक विचारून घ्या. ऐन हंगामात हे दोन फोन सगळ्यात जास्त कामाला येतात.

• खोलीचा प्रकार, नाश्ता, रद्द करण्याची मुदत आणि एकूण रक्कम दिसेल असे स्क्रीनशॉट काढून ठेवा.

• ‘समुद्रापासून ५०० मीटर’ हे अंतर कित्येकदा सरळ रेषेत मोजलेलं असतं. नकाशावर रस्त्याने किती ते पाहा. परीक्षणांमध्ये सगळ्यात नवी आणि सगळ्यात वाईट आधी वाचा.

• तारखांची खात्री नसेल, तर थोडा जास्त दर देऊन मोफत रद्द होणारं किंवा हॉटेलवर पैसे देण्याचं बुकिंग घ्या.

• परदेशी चलनात पैसे भरत असाल, तर बँक साधारण २ ते ३.५ टक्के जादा आकारते, हे हिशेबात धरा.

आणि काउंटरवर ‘खोली नाही’ म्हणाले तर?

लगेच बाहेर पडू नका आणि बुकिंग स्वतःहून रद्द तर अजिबात करू नका. तुम्ही रद्द केलं, की दोष तुमच्या खात्यात जातो. हॉटेलमधूनच ॲपला फोन करा आणि काउंटरवरच्या माणसाशी त्यांचं बोलणं करून द्या. नकार लेखी मागा. तो देत नसेल, तर ॲपच्या चॅटमध्ये ‘मी हॉटेलमध्ये उभा आहे, मला खोली नाकारली आहे’ असं वेळेसह लिहा, काउंटरचा फोटो जोडा. त्याच दर्जाची दुसरी खोली जादा पैसे न घेता द्या, अशी मागणी करा. बऱ्याच कंपन्या अशी सोय करतात, पण मागणाऱ्यालाच.

रात्र झालीये, आजी थकली आहे आणि ॲपकडून काहीच हालचाल नाही, तर जवळ मिळेल ती खोली घ्या. बिल आणि रिक्षा-टॅक्सीचा खर्च जपून ठेवा. दोन्ही खोल्यांच्या भाड्यातला फरक आणि झालेला त्रास यांची भरपाई नंतर मागता येते.

थेट हॉटेलकडे बुकिंग केलं की सगळे प्रश्न मिटतात, असंही नाही. अनोळखी हॉटेलच्या खात्यात आगाऊ पैसे भरण्यात वेगळी जोखीम आहे. कोकणातल्या किंवा हिमाचलमधल्या एखाद्या लहान हॉटेलचं नाव आपल्यापर्यंत पोहोचतं, तेही या ॲपमुळेच. त्यामुळे हॉटेल ॲपवर शोधायला हरकत नाही. पैसे भरण्याआधी मात्र ते कुणाकडे जाणार आणि परत मागायची वेळ आली तर कुणाकडे मागायचे, या दोन प्रश्नांची उत्तरं आपल्याकडे असू द्यावीत.